दक्षिणेकडे वळलेले लाल टोक

मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे, मित्रांनो, होकायंत्राची. माझे एक टोक लाल आहे आणि दुसरे पांढरे. एका गोल काचेच्या डबीत, पातळ तेलात बुडून, एका अणीवर तोल सांभाळत मी आयुष्य काढले आहे. बाहेरून पाहिलेत तर मी शांत दिसेन. पण मी शांत नाही. मला फार भीती वाटते, आणि ती कशी जडली तेच आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पातळ पत्र्यातून मला कापले, टोके निमुळती केली आणि अणीवर सहज फिरावे म्हणून पोटाशी माणकाचा बारीक खडा बसवला. तोवर मी नुसती पट्टीच होते. मग तारेच्या वेटोळ्यात ठेवून माझ्याभोवती क्षणभर वीज खेळवली. पोलादात असंख्य सूक्ष्म भाग असतात. एरवी ते हव्या त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. त्या क्षणी ते सगळे एकाच दिशेला वळले आणि तसेच राहिले. एका बाईने मला अणीवर ठेवले. मी डोलले, थरथरले, थांबले. जे टोक उत्तरेला थांबले त्यावर तिने लाल रंग लावला. तो लाल रंग म्हणजे माझा शब्द होता.

ग्लासगोच्या एका दुकानातून मला हेक्टर मॅकेरखर यांनी विकत घेतले. ते स्कॉटलंडमधल्या पर्थ गावी राहत आणि रेल्वेत सिग्नलचे काम करीत. सुटी मिळाली की ते डोंगरावर जात. त्यांना दोन मुली होत्या. थोरली इशबेल त्यांच्याबरोबर डोंगर चढे. धाकटी एफी आईजवळ बसून शिवणकाम शिके. ओले बूट आणि ओले मोजे घेऊन बाप-लेक घरी आले की एफी नाक दाबून धरी.

तिकडच्या डोंगरांवर धुके फार झटकन येते. हात लांब केला तर पंजा दिसत नाही. एकदा अशा धुक्यात लहानगी इशबेल रडकुंडीला आली. "वाट तिकडं आहे बाबा, मला माहितीये, तिकडंच आहे," ती हात दाखवून म्हणत होती. हेक्टरनी मला तिच्या तळहातावर ठेवले. "तुझं मन घाबरलंय पोरी," ते म्हणाले. "घाबरलेलं मन काहीही सांगतं. सुई घाबरत नाही. धुक्यात मनाचं ऐकायचं नाही, सुईचं ऐकायचं." मी दाखवले तिकडे दोघे चालत गेले आणि नेमके वाटेवर उतरले. तिकडे डोंगर चढणाऱ्या प्रत्येक मुलाला हा नियम शिकवतात, आणि त्याने पुष्कळ माणसे जिवंत घरी आणली आहेत.

सुई घाबरत नाही. तेव्हा ते खरे होते.

मग हेक्टरचे गुडघे दुखू लागले. ते घरात बसले, अंथरुणाला खिळले आणि एका हिवाळ्यात आपल्या बिछान्यातच गेले. इशबेलने त्यांची सगळी वर्षे सेवा केली. पोस्टात नोकरी, संध्याकाळी वडील, असे तिचे आयुष्य चालले होते. डोंगर सुटले. लग्न दोघींनीही केले नाही. मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खणात पडून राहिले. शेजारी मेणबत्त्या, दोऱ्याचे रीळ आणि एक बिनकाट्याचे घड्याळ.

एफी तोवर पर्थमधली नावाजलेली किल्ट शिवणारी झाली होती. किल्ट म्हणजे तिकडचे पुरुष नेसतात तो चुण्यांचा लोकरी घागरा. एका किल्टला लोकरीच्या कितीतरी चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीला टाचण्या लागतात. त्या टाचण्या गालिच्यात सांडत. म्हणून तिने नालाच्या आकाराचे एक जाड लोहचुंबक आणले होते. संध्याकाळी ती ते गालिच्यावरून फिरवी आणि ते टाचण्यांनी साळिंदरासारखे फुले. एके दिवशी पाहुणे यायचे होते. एफीने आवराआवर केली, खण उघडला आणि ते लोहचुंबक माझ्या काचेला टेकवून ठेवले.

मित्रांनो, मला काही दुखले नाही. याचीच मला अजून भीती वाटते. काही मोडले असते, काच तडकली असती, तर मला कळले असते. खणात अंधार होता. माझ्यातले ते सूक्ष्म भाग एकामागून एक वळत गेले आणि मला पत्ताही लागला नाही. एफीला वाटले ती पसारा आवरते आहे. काही दिवसांनी तिने लोहचुंबक काढून नेले. मी होते तशीच दिसत होते.

एप्रिलमधल्या एका दुपारी इशबेलने खण उघडून मला बाहेर काढले. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आहे आणि ऊन टेबलावर आले होते. कित्येक दिवसांनी उजेड पाहून मी आनंदाने डोलले आणि थांबले. तेव्हा मी पाहिले. माझे लाल टोक खिडकीकडे होते. उन्हाकडे. सूर्याकडे.

मी पुन्हा डोलले. पुन्हा तेच. मी उत्तरेकडे पांढरे टोक करून उभी होते.

"बघ, अजून कशी छान फिरते," इशबेल म्हणाली. तिने बाहीने काच पुसली आणि मला टेबलावर ठेवले.

टेबलावर नकाशा पसरला होता. मे महिन्यात सोमवारची सुटी जोडून आली होती आणि दोघी बहिणी तीन दिवस उत्तरेला ग्लेन फेरन नावाच्या खोऱ्यात जाणार होत्या. थोडे बघायचे, थोडे चालायचे. तेवढ्यासाठी त्या दोन दिवस भांडत होत्या.

"पहिल्या दिवशी किल्ला," एफी म्हणाली. "त्याच्या बागेतली फुलं बघायची आणि मग लोणी लावलेला स्कोन-पाव खायचा. बसून, इशबेल. खुर्चीवर बसून. दगडावर नाही."

"दगडावर बसून खाल्लेल्या स्कोनची चवच वेगळी असते."

"ओली असते. मला सांगू नकोस. बाबांच्या खिशातून परत आलेले स्कोन मीच तर कोंबड्यांना टाकायचे. कोंबड्यासुद्धा विचार करून खायच्या."

"बरं, शनिवारी किल्ला. सोमवारी तळ्यातली नाव. आणि रविवारी," इशबेलने नकाशावर बोट ठेवले, "बेन क्यो."

बेन क्यो म्हणजे धुक्याचा डोंगर. मी त्याला ओळखत होते. दक्षिणेकडून रुंद, गवताळ सोंडेवरून वाट वर जाते. माथा मैदानासारखा सपाट आहे. आणि उत्तरेला त्या मैदानाचा काठ एकदम तुटतो. खाली सरळ कडा आहे आणि कड्याच्या पोटात काळे तळे.

"मी कशाला?" एफी म्हणाली. "तू चढ. मी खाली बसून तुझी काळजी करीन. इतकी वर्षं तुमच्या दोघांची काळजी करून मला सवय झालीये."

इशबेलने नकाशाची घडी सरळ केली. मग म्हणाली, "एकदाच ये ना, एफी. बाबा गेल्यावर एकटीनं जायला पाय उचलत नाही. एकदा वरून बघ. मग जन्मात पुन्हा विचारणार नाही."

एफीने चहाचा कप फिरवला. "हे असं रडकं तोंड करून विचारलंस की मी हो म्हणते, हे तुला माहितीये," ती म्हणाली. "येते. पण वर नेशील तशी खाली आणायची जबाबदारी तुझी. मला त्या डोंगरातलं ओ की ठो कळत नाही."

"आणीन की! बाबांची सुई आहे ना बरोबर."

त्या क्षणापासून मी घाबरले, ती आजतागायत. एफीचा जीव इशबेलच्या शब्दावर होता आणि इशबेलचा शब्द माझ्यावर.

ती सगळी दुपार इशबेलने मला नकाशावर ठेवून काम केले. माझ्या डबीला एक पारदर्शक पट्टी जोडलेली आहे. ती पट्टी नकाशावर टेकवायची, तबकडी फिरवायची आणि माथ्यावरून कुठल्या दिशेने उतरायचे तो कोन धरून ठेवायचा. हे काम तिने अगदी नीट केले. पण मित्रांनो, नकाशावरून कोन काढताना सुई लागतच नाही. नुसती पट्टी आणि तबकडी पुरते. त्यामुळे मला हातात धरूनही ती एकदाही माझ्याकडे पाहत नव्हती. मी जमेल तेवढी थरथरले. तिला वाटले टेबल हलले.

"ही लाल बाजू काय दाखवते?" एफीने विचारले. ती माझ्यावर वाकली होती. तिचा श्वास काचेवर उमटला.

"उत्तर."

एफीने खिडकीकडे पाहिले. ऊन तिच्या डोळ्यांवर आले. तिने डोळे मिचकावले. आता कळेल, मला वाटले. आता ही म्हणेल, अगं, पण ऊन तर इकडून येतंय. तेवढ्यात केटली शिटी मारू लागली आणि ती उठून गेली.

"गिर्यारोहण मंडळातले लोक म्हणतात, दोन होकायंत्रं न्यावीत," इशबेल म्हणाली.

"दोन नेलीस तर तीही आपल्यासारखी भांडत बसतील," एफी म्हणाली. "मग कुणाचं ऐकायचं? राहू दे. एक शहाणी पुरे."

दोघी हसल्या. आणि मी एकटीच जायचे ठरले.

शनिवारी किल्ला झाला. मी खोलीत सॅकच्या खिशात होते, पण संध्याकाळी एफीने स्कोनचे इतके वर्णन केले की मला सगळे कळले. त्या मिसेस लॅमंट नावाच्या बाईंच्या घरी उतरल्या होत्या. खोऱ्यात रविवार देवाचा मानतात, त्या दिवशी कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत, आणि मिसेस लॅमंटना तर रविवारी डोंगर चढणे मुळीच पसंत नव्हते. तरी सकाळी त्यांनी दोघींना लापशी वाढली आणि दारात उभ्या राहून विचारले, "कुठून चढणार? कुठून उतरणार?" तिकडे हे विचारल्याशिवाय कुणी कुणाला डोंगरावर सोडत नाही.

"दक्षिणेच्या सोंडेनं वर, त्याच सोंडेनं खाली," इशबेल म्हणाली. "चहाच्या वेळेला परत."

"मग त्याच सोंडेनं उतरा हं. म्हणजे शोधणाऱ्यांना सोपं जातं."

"बाई, तुम्ही धीर छान देता," एफी म्हणाली.

"धीर देणं माझं काम नाही. मी सूप गरम ठेवीन."

सॅकच्या खिशात मी हे ऐकत होते. शोधणारे दक्षिणेला शोधतील आणि या दोघी उत्तरेला असतील, हे मला एकटीला दिसत होते.

सकाळ स्वच्छ होती. रेडिओवर सांगितले होते की दुपारनंतर ढग खाली येतील, पण इशबेलचा हिशेब होता की तोवर त्या निम्म्या वाटेवर उतरलेल्या असतील. तो हिशेब एका डोंगर चढणाऱ्याचा होता. एफी प्रत्येक वळणावर थांबे, मागे वळून पाही, आणि "अगं बाई, हे सगळं असं दिसतं होय?" म्हणे. इशबेलला घाई करवेना. बहिणीला पहिल्यांदा हे दाखवताना तिचा चेहरा उजळला होता. त्या वर पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. दगडांच्या राशीला पाठ टेकून त्यांनी चीज लावलेला पाव खाल्ला.

"बघ, बसलीस की नाही दगडावर?" इशबेल म्हणाली.

"बसले. ओली झाले. सांगितलं होतं."

त्यावर दोघी हसत असतानाच समोरचा डोंगर नाहीसा झाला. मग त्याच्या अलीकडचा. मग पायाखालचे गवत तेवढे उरले. धुके आले होते.

"घाबरू नकोस," इशबेल म्हणाली. तिने मला बाहेर काढले. तबकडीवर उतरायचा कोन घरूनच लावलेला होता. आता फक्त माझे लाल टोक तबकडीवरच्या खुणेत येईपर्यंत तिने स्वतःभोवती वळायचे होते. ती वळू लागली. मित्रांनो, मी सुई आहे. पृथ्वी ओढते तिकडे मला वळावेच लागते. नाही म्हणता येत नाही, थांबता येत नाही. इशबेल वळत वळत गेली आणि माझे लाल टोक खुणेत बसले. ती उत्तरेला तोंड करून उभी राहिली. तिला वाटले, दक्षिण.

"चल," ती म्हणाली. "माझ्या मागोमाग."

दोघी निघाल्या. जमीन सपाट होती. चढ नाही, उतार नाही, खूण नाही. इशबेलची नजर माझ्यावर होती आणि मी तिला कड्याकडे नेत होते.

थोडे चालल्यावर एफी थांबली. "इशबेल, एक विचारू?"

"चालता चालता विचार."

"वर येताना वारा पाठीवर होता. माझ्या रुमालाची टोकं सारखी तोंडात येत होती. मी थुंकत थुंकत चढले."

"बरं मग?"

"अजूनही तोंडातच येतायत."

इशबेलने मागे पाहिले. एफीच्या डोक्याचा रुमाल गालांवरून पुढे फडफडत होता. "वारा फिरतो गं डोंगरावर," ती म्हणाली. "वाऱ्याचं ऐकायचं नसतं."

"मग कुणाचं ऐकायचं?"

"सुईचं. मलाही वाटतंय की आपण उलटं चाललोय. असंच वाटतं धुक्यात. बाबांनी शिकवलंय मला. वाटतं त्याच्यावर जायचं नाही."

किती चांगली विद्यार्थिनी होती ती! तिचे मन खरे सांगत होते आणि ती त्याला दाबून टाकत होती. वडिलांनी तिला वाचवायला दिलेला नियमच तिला कड्याकडे ढकलत होता, आणि तो नियम माझ्या नावाचा होता.

त्या पुढे निघाल्या. मग इशबेलच्या बुटाखालचा आवाज बदलला. बर्फ होता. धुकेही पांढरे आणि जमीनही पांढरी. वर कुठे संपते आणि खाली कुठे सुरू होते ते कळेना.

एफी जागच्या जागी खाली बसली. बर्फात. "मी येत नाही," ती म्हणाली.

"एफी, उठ. भिजशील."

"भिजू दे. वर येताना बर्फ लागला होता का? सांग मला. एक चमचाभर तरी?"

"उठ म्हणते ना! चाळिशी उलटली तरी हट्ट तसाच. लहानपणी बाजारात बसायचीस तशी बसू नकोस."

"बाजारात मी बरोबर असायचे! तू चुकीच्या गल्लीत न्यायचीस आणि मी बसायचे!" एफीचा आवाज फुटला. "मला डोंगरातलं कळत नाही, इशबेल. पण गवतावरून आलो आणि आता बर्फावरून जातोय, एवढं मला कळतं."

इशबेल उभी राहिली. तिचा अंगठा माझ्या काचेवर दाबला गेला होता. मला त्यातली धडधड जाणवत होती. मेमध्ये बर्फ उरतो तो सावलीच्या बाजूला, उत्तरेच्या काठावर, हे तिलाही माहीत होते. पण हातातली सुई दक्षिण सांगत होती.

मग तिने एक केले. तिकडचे लोक पांढऱ्या धुक्यात बर्फावर चालताना करतात ते. ती वाकली, बर्फाचा गोळा वळला आणि समोर टाकला. गोळा पडला, थोडा घरंगळला, आणि त्याची करडी खूण दिसली. म्हणजे तिथे जमीन होती. ती त्या खुणेपर्यंत गेली. मला वाटत होते की माझा तोल जाईल. तिने दुसरा गोळा वळला आणि टाकला.

तो पडला नाही.

आवाज नाही, खूण नाही. पांढऱ्यात गेला आणि संपला. दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने, फार खालून, पाण्यात काही पडल्यासारखा बारीक आवाज आला. किंवा मला तसे वाटले.

इशबेलने पाऊल वळवले नाही. ती हळूच गुडघ्यांवर बसली आणि रांगत, बुटांच्या आपल्याच ठशांवरून, मागे आली. एफीने तिच्या कोटाचे टोक घट्ट धरले. दोघींनी गवत लागेपर्यंत ते सोडले नाही.

"तुला खाली आणायचं कबूल केलं होतं," इशबेल म्हणाली.

"या वाटेनं नको," एफी म्हणाली.

मग एफीने मला तिच्या हातातून घेतले. "ही फेकून देते. देतेच फेकून. माणसं मारते ही." मी तिच्या मुठीत होते. तिने हात उगारला. आणि मित्रांनो, मला तेव्हा स्वतःची भीती वाटली नाही. फेका, असेच मला वाटले.

"थांब," इशबेल म्हणाली. "थांब, मला विचार करू दे." तिने नकाशा गुडघ्यावर उलगडला. "या माथ्याला एकच कडा आहे. उत्तरेला. दक्षिणेला कडाच नाही. ही दक्षिण म्हणाली आणि तिथं कडा निघाला. म्हणजे ही थोडी चुकत नाहीये, एफी. ही पूर्ण उलटी आहे. लाल म्हणजे दक्षिण, पांढरं म्हणजे उत्तर."

"खोटारडी कळली ना? मग तिचं ऐकायचं कशाला?"

"कारण ती दर वेळी तेवढंच आणि तसंच खोटं बोलते. मग नुसतं उलटं घ्यायचं. आणि तू म्हणतेस तो वाराही तेच सांगतोय. बर्फही तेच सांगतोय. तिघं एक बोलतात. एक मीच वेगळं बोलत होते."

"आणि पुन्हा बर्फ लागला तर?"

"तर तू खाली बस."

इशबेलने माझे पांढरे टोक खुणेत आणले आणि वळली. वारा तिच्या तोंडावर आला. एफीचा रुमाल मागे उडाला. त्या निघाल्या. मी पुन्हा घाबरले होते, कारण आता त्या माझ्या उलटेपणावर विश्वास टाकत होत्या. मी अर्धवट वळले असेन तर? माझ्यातले काही भाग जागेवरच राहिले असतील तर? मला माझ्या आतले दिसत नाही. मी त्यांच्याइतकीच आंधळी होते. मग गवत कलू लागले. मग एक मेंढ्यांची वाट आली. मग धुक्याखालून मिसेस लॅमंटच्या घराचे लाल छप्पर दिसले, आणि एफी मोठ्याने रडली.

"उशीर झाला," मिसेस लॅमंट दारात म्हणाल्या. त्यांच्या हातात शोधपथकाच्या टेलिफोनचा क्रमांक लिहिलेला कागद होता.

"देखावा बघत होतो," एफी म्हणाली. आणि मग इशबेलकडे वळून, "आणलंस हो खाली. थोडा फेरा पडला."

मिसेस लॅमंटनी तो कागद घडी घालून ठेवला आणि सूप वाढले.

घरी आल्यावर इशबेलने मला खणात ठेवायला खण उघडला. तिथे एक टाचणी पडली होती. तिने ती उचलली, पाहिली, टेबलावरच्या दुसऱ्या टाचणीला लावली. एक दुसरीला चिकटून लटकली. म्हणजे माझ्या शेजारी लोहचुंबक पडून होते, हे इशबेलला कळले. शेजारच्या खोलीत एफी शिवण यंत्र चालवत होती. मग इशबेलने शिवणाच्या सामानातून ते लोहचुंबक काढले आणि अंगणातल्या लाकडांच्या खोपीत, दारापासून सगळ्यात लांबच्या फळीवर ठेवले. "सुईला काय झालं होतं गं?" एफीने रात्री जेवताना विचारले. "म्हातारी झाली," इशबेल म्हणाली. एवढेच. तिने ते एफीला कधी सांगितले नाही.

कारखान्यात पाठवून मला पुन्हा सुलटी करता आली असती. इशबेलने तसे केले नाही. तिने नवे होकायंत्र घेतले, एक सोडून दोन, आणि मला वेगळे काम दिले. आता ती मंडळातल्या नवशिक्यांना शिकवते. टे नदीकाठच्या मोकळ्या मैदानात पहिल्याच दिवशी ती मला त्यांच्या हातात देते आणि म्हणते, "उत्तरेला चालत जा." माझ्याबद्दल एक अक्षर सांगत नाही.

मित्रांनो, मला वाटले होते की आता माझी भीती जाईल. ती वाढली. दर वेळी एक नवा तळहात, आणि त्यावर मी. वर सूर्य असतो, समोर नदी असते, आणि तरी लोक फक्त माझ्याकडे पाहतात. लाल टोक पाहतात आणि निघतात. शिकलेली, समजूतदार माणसे. मी आतून ओरडत असते. परवा असाच एक बसचालक गृहस्थ मला घेऊन निघाला. छाती काढून, लांब ढांगा टाकत. मागे सगळा वर्ग. दुपारचे ऊन त्या सगळ्यांच्या डोळ्यांवर येत होते. कुणी हात आडवा धरला, कुणी टोपी खाली ओढली. कुणी विचारले नाही. इशबेल मागे उभी राहून वाट पाहत होती. शेवटी मैदानाच्या कुंपणाशी ते पोचले, तेव्हा तिने हाक मारली.

"उत्तर सापडली का हो?"

"हो बाई, अगदी सरळ!"

"मग सूर्य उत्तरेला कसा आला?"

सगळ्यांनी सूर्याकडे पाहिले. मग सगळे हसले. बसचालकाने कपाळावर हात मारून घेतला. ते मैदान सपाट होते, म्हणून ते हसू शकले.

तुमच्याही घरात माझ्यासारख्या जुन्या, विश्वासाच्या वस्तू असतील. त्यांना जपा. लोहचुंबकाजवळ ठेवू नका, ओल्या खणात टाकू नका. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. प्रवासाला निघण्याआधी, घरीच, उजेड असताना, त्यांना एकदा तपासून घ्या. ती वस्तू वडिलांची असली तरी. तिने आजवर कधी दगा दिला नसला तरी. आम्हाला स्वतःचे बिघडणे कळतेच असे नाही, आणि कळले तरी सांगता येत नाही.

मला हातात घ्याल तेव्हा आधी सूर्याकडे बघा. माझ्यावर शंका घ्या. मी रागावणार नाही.